आनंदरावाची पायाळू बायको

शनिवारी सकाळी सातच्या यष्टीत आधी जिजाबाईंची पिशवी चढली, मग जिजाबाई चढल्या. यष्टीनं धूर सोडला आणि आनंदरावानं श्वास सोडला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत आई पहिल्यांदा मुक्कामाला चालली होती. भजनी मंडळासोबत रामटेकला, दोन रात्री. सोमवारी सकाळी परत.

"आनंदाऽ," खिडकीतून जिजाबाई ओरडल्या, "दूध झाकून ठेवजा! आन शामलाले एकटी नको सोडू, घाबरते थे!"

"नाही सोडत, आई!" आनंदराव म्हणाला. इतकं मनापासून तो आयुष्यात काही बोलला नव्हता.

जुनी शुक्रवारीत त्याच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत स्वयंपाक, पुढच्या खोलीत बाकी सगळं. शहात्तर सालचा मे महिना, नागपूरचं ऊन, आणि घरात कूलर एकच. म्हणून रात्री झोपायची रांगही एकच. कूलरसमोर आधी शामला, मग जिजाबाई, मग आनंदराव. बायकोशी काही बोलायचं तर आईवरून बोलावं लागे. आणि जिजाबाईंना झोपेत खोकायची सवय होती. मुलानं नुसता हात लांब केला तरी त्या खोकत. आनंदरावाला शंका यायची की त्या झोपतच नाहीत.

आता गंमत अशी, की आनंदरावानं बायको पसंत केली होती ती तिचे पाय पाहून. पारशिवनीला मुलगी बघायला गेला तेव्हा शामला लाजून मान खाली घालून बसली, आणि हाही लाजून मान खाली घालून बसला. त्यामुळे पोह्यांची बशी संपेपर्यंत त्याला फक्त दोन पावलं दिसली. गव्हाळ, भरलेली, बोटं एकमेकांना चिकटून बसलेली. परतताना मामानं विचारलं, "कशी वाटली गा पोरगी?" हा म्हणाला, "पसंत आहे." नाक कसं होतं ते त्याला थेट लग्नाच्या दिवशी कळलं.

तर या पायांसाठी त्यानं एक बेत केला होता. एका सरकारी कचेरीत तो कारकून होता. शनिवारी अर्धा दिवस. दीड वाजता घरी आला, जेवला, हात धुतले, पुढचं दार लावलं, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं. मग फळीवरून काशाची वाटी काढली आणि एका बशीत चमचाभर तूप घेतलं.

"अजी, हे काय?" शामला म्हणाली.

"बस खाली."

"कोणाची वाटी करून राहिले? आईची?"

"तुझी. पाय दे."

उन्हाळ्यात तळव्याला तूप लावून काशाची वाटी फिरवली की अंगातली आग उतरते, तळवा काळा पडतो आणि माणूस निवतो. पोरं आईच्या पायाला वाटी लावतात, सुना सासूच्या पायाला लावतात. नवऱ्यानं बायकोच्या पायाला वाटी लावल्याचं मात्र जुनी शुक्रवारीत कोणी ऐकलं नव्हतं. शामलानंही नव्हतं. तिनं आधी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"पाप लागते ना बाप्पा!"

"कोणाले?"

"मले! नवऱ्याले पाय लावला तर!"

"तू कुठं लावून राहिली? मी धरून राहिलो."

हे कायद्याला धरून होतं. शामलानं विचार केला, हसली, आणि डावा पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

आनंदरावानं घाई केली नाही. आधी दोन्ही हातांच्या ओंजळीत पाऊल नुसतं धरलं. मग बोटाच्या टोकानं तूप टाचेपासून वर नेलं, पावलाच्या खळग्यात थांबला, अंगठ्यानं तिथं सावकाश गोल फिरवलं. मग एकेक बोट. जोडवं किंचित सरकवून त्याच्या खालचा पांढरा पट्टासुद्धा त्यानं सोडला नाही. कूलर घुरघुरत होता. शामला आधी अवघडून बसली होती, ती भिंतीला टेकली. पदर खांद्यावरून ओघळला तो तिनं सावरला नाही.

"हळू, अजी... हो... तिथंच. तिथून हालू नका."

"इथं?"

"अंऽऽ..."

सहा वर्षांत आनंदरावानं हा आवाज ऐकला नव्हता. त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यानं वाटी उचलली, घोट्यावरून वर नजर टाकली, तोच मागचं दार धाडकन उघडलं.

दारात शेजारची पंचफुलाबाई उभी. तिच्या घराचं अंगण लहान, म्हणून तिच्या कुरडया दरवर्षी यांच्या मागच्या अंगणात बाजेवर वाळत. त्या उलटवायला ती आली होती आणि वाटेत पाणी प्यायला आत वळली होती. दार वाजवायची तिला सवय नव्हती. मोहल्ल्यात कोणालाच नव्हती.

आता आनंदरावाचं काय झालं ते बघा. बायकोचे पाय चोळताना नवरा सापडला, ही बातमी संध्याकाळपर्यंत इतवारीत पोचली असती आणि सोमवारी त्याच्या टेबलावर त्याच्या आधी येऊन बसली असती. शामलाचं तर विचारूच नका. नवऱ्याकडून पाय चोळून घेणारी म्हणून ती कुठल्याच हळदीकुंकवाला जाऊ शकली नसती. हे सगळं त्याच्या डोक्यात एका क्षणात आलं, आणि तो जागच्या जागी पालथा पडला. शामलाचा पाय हातातच होता. तो त्यानं आपल्या पाठीवर ठेवला.

"आई गंऽ!" तो कण्हला.

"काय झालं वं शामला?" पंचफुलाबाईनं कपाळावर हात मारला. "काहून पडले हे?"

शामलानं आधी ओघळलेला पदर सावरला.

"उसण भरली, पंचफुलाबाई," फरशीत तोंड घालून आनंदराव म्हणाला. "पाठीत. शामला पाय लावून राहिली."

"पाय? पाय कायले?"

इथं आनंदरावाला गप्प बसता आलं असतं. पण घाबरलेला माणूस एका खोट्यावर थांबत नाही.

"पायाळू हाय ना थे."

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याआधी ज्याचे पाय बाहेर आले असं माणूस. त्याचा पाय पाठीला लागला की उसण पळते, हे नागपुरात न मानणारा माणूस मिळायचा नाही, आणि मिळालाच तर त्याला अजून उसण भरलेली नाही असं समजावं. पंचफुलाबाईनं दोन्ही हात गालांवर घेतले.

"पायाळू! मायबाई! सहा वर्षांपासून भिंतीले भिंत लावून राहून राहिलो, आन मले सांगितलं नाही!"

आणि पाणी न पिताच ती पळाली.

शामलानं नवऱ्याच्या पाठीवरचा पाय काढला नाही. उलट थोडा दाबला.

"मी डोक्यानं झाली," ती दात आवळून म्हणाली. "माझी माय अजून सांगते, डोकं केवढं मोठं होतं म्हणून."

"हे पहा, गेली ना थे? आता पाच मिनिटांत विसरते. तू उजवा पाय दे."

पाच मिनिटांनी पंचफुलाबाई परत आली. सोबत नवऱ्याला घेऊन. ताराचंदभाऊंनी परवा कूलर एकट्यानं उचलला होता, तेव्हापासून ते इंग्रजी सातच्या आकड्यासारखे चालत.

"झोपा खाली," पंचफुलाबाई म्हणाली. "मार वं शामला लाथ."

"मी? मोठ्या माणसाले?"

"माणूस नको पाहू, पाठ पाह्य."

शामलानं आनंदरावाकडे पाहिलं. आनंदरावानं छताकडे पाहिलं. शेवटी तिनं डोळे मिटून अंगठा लावल्यासारखं केलं.

"असं नाही! उसण हाय, मुंगी नाही!"

दुसऱ्या वेळी जरा जोर लागला. ताराचंदभाऊ 'अय्यो' म्हणाले, आणि तिसरी लाथ येताना दिसली तसे ताडकन उठून उभे राहिले. सरळ. इकडे वाकले, तिकडे वाकले.

"गेली!" ते म्हणाले.

ती लाथेनं गेली, की थंड फरशीवर पालथं पडल्यानं, की तिसऱ्या लाथेच्या धाकानं, हे कोणी विचारलं नाही. आनंदरावानं तर नाहीच. तो फक्त घड्याळाकडे बघत होता. तीन वाजले होते. अजून अख्खी संध्याकाळ होती, असं त्याला वाटलं.

चार वाजता दारात सात माणसं होती. पाच वाजता वीस. जुनी शुक्रवारीत इतक्या लोकांच्या पाठी दुखतात हे त्याला माहीत नव्हतं. पंचफुलाबाई दारात वेताचा मोढा टाकून बसली होती आणि तिनं कारभार हातात घेतला होता. चपला बाहेर. बायका आधी. पालथं पडून 'देवा' म्हणायचं. लाथेनंतर अर्धा तास हालायचं नाही. हे नियम तिनं जागच्या जागी तयार केले, पण सांगायची ती आजीपासून चालत आल्यासारखे.

"आनंदराव, तुम्ही मधे नका येऊ," ती म्हणे. "एक डोलची पाणी आणा. लोकं तहानले."

आनंदराव पाणी आणत होता. आपल्याच घरात, आपल्याच सुट्टीत, आपल्याच बायकोला लोकांना लाथा मारताना बघत. शामला पहिल्यांदा रडवेली झाली होती, पण दहाव्या पाठीनंतर तिचा पदर कमरेला खोचला गेला. पंधराव्या पाठीनंतर ती म्हणाली, "जरा डावीकडं सरका, काका." बायका जाताना तिच्या पाया पडत होत्या. एकीनं तर डोळ्यांना लावली पावलं. ज्यांच्यासाठी आनंदराव सहा वर्षं तळमळला ती पावलं जो येईल तो हाताळत होता, आणि त्याचा नंबर लागत नव्हता.

सात वाजता शेवटचा माणूस गेला. आनंदरावानं दार लोटलं. मागचं दारही लोटलं, त्याला पाट टेकवला.

"शामला," तो म्हणाला.

"काय?"

दारावर थाप पडली. बाहेर बैलगाडी. बेसा गावाहून देवाजी आला होता, शेतकरी माणूस, दोन माणसांनी धरून उतरवलेला. पंचफुलाबाईनं त्याला तपासलं आणि निकाल दिला.

"ही जुनी उसण हाय. एका लाथेनं नाही जात. आता एक, आन दिवस उगवताना एक. मुक्काम करा लागते."

"कुठी?" आनंदरावानं विचारलं.

"इथंच! पेशंट कुठी जाईन गा?"

देवाजी कूलरसमोर झोपला. पाहुणा म्हणून त्याला मधली जागा मिळाली, जिजाबाईंची. पलीकडे शामला मागच्या खोलीत गेली, अलीकडे आनंदराव. रात्री आनंदराव हळूच उठला तर देवाजी खोकला.

"झोप नाही येऊन राहिली का, भाऊ?" देवाजीनं प्रेमानं विचारलं. "मले बी नाही. बसा, बोलू." आणि गावची जमीन, बैल, भाऊबंद, सगळं त्यानं सांगितलं.

रविवारी उजाडताच देवाजीला लाथ बसली आणि तो नीट चालत बाहेर गेला. ही जाहिरात पुरेशी होती. दहा वाजेपर्यंत रांग कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत. आनंदराव मोरीजवळ उकिडवा बसून होता. सोमवारी सकाळी आई येणार. हातात एक दुपार, एक रात्र. तो मनातल्या मनात पाठी मोजत होता आणि उरलेले तास मोजत होता, आणि पाठीच जास्त भरत होत्या.

"मी आता सांगून टाकतो सगळ्यायले," तो शामलाच्या कानात म्हणाला.

"काय सांगता? नवरा पाय चोळून देते म्हणून?" शामलाच्या गालावर घाम होता. "माझं तोंड काळं करता का? हानू द्या लाथा. संध्याकाळपर्यंत संपते सारे."

दुपारी तीनला सायकल रिक्षातून रामाजीसाहेब उतरले. आनंदरावाचे हेडक्लार्क. आयुष्यात त्यांनी कधी गठ्ठा उचलला नव्हता. उसण भरली ती खुर्चीतून शिपायाकडे वळताना.

"आनंदराव, तुम्ही आपल्या ऑफिसात असं टॅलेंट असून सांगत नाही?" साहेब म्हणाले. "कुठी झोपू?"

आनंदराव शामलाजवळ सरकला. "हे साहेब हायेत. हळू."

"कोणते साहेब?"

"माझे."

"तेच का, जे तुम्हाले रविवारी बी बोलावते?"

"हो, पण..."

शामलानं पदर पुन्हा खोचला, एक पाऊल मागे गेली, आणि लाथ घातली. साहेब फरशीवरून सरकत बाजेखाली गेले. आनंदरावाच्या डोळ्यांपुढे त्याची बदली गडचिरोलीला झाली, तिथं तो पोचला, आणि तिथं त्याला ताप आला.

बाजेखालून आवाज आला, "वा!"

साहेबांना बाहेर काढून बाजेवर निजवलं. अर्धा तास हालायचं नाही. "वैनी," साहेब म्हणाले, "मी दर शनिवारी येईन. अर्धा दिवस असते ना, सोईचं आहे."

दर शनिवारी. आनंदराव मोरीत जाऊन उभा राहिला आणि त्यानं डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतलं.

तो डोकं पुसत होता तेव्हाच बाहेरून किंकाळी आली.

"आनंदाऽऽ! माह्या लेकराऽऽ!"

रामटेकला सकाळच्या यष्टीनं गेलेल्या एका बाईनं जिजाबाईंना सांगितलं होतं, तुमच्या घरापुढं माणसं जमलीत, चपलांचा ढीग आहे. याहून जास्त तिला माहीत नव्हतं, आणि जिजाबाईंनी तिला जास्त बोलू दिलं नाही. मिळेल ती गाडी पकडून त्या आल्या. गल्लीत वळल्या, चपला पाहिल्या, पांढऱ्या टोप्या पाहिल्या, आणि छाती बडवत धावल्या.

"आई! मी हावो इकडं!" आनंदराव ओल्या डोक्यानं बाहेर आला.

जिजाबाईंनी त्याला चाचपून पाहिलं. "मंग कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. सारे आले."

पंचफुलाबाईनं मोढ्यावरून उठून सगळं अभिमानानं सांगितलं. जिजाबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. रडणं आटलं आणि त्या जागी दुसरंच काही आलं.

"पायाळू?" त्या म्हणाल्या. "माह्या घरात पायाळू? पायाळूवर वीज पडते! छपरासगट पडते! आन विहीणबाईनं लग्नात तोंडातून चकार शब्द नाही काढला?"

"आई, ऐक..."

"तू चूप बस! फसवलं आपल्याले! उद्या सकाळच्या गाडीनं पारशिवनीले जातो. चार माणसांत बसवतो त्या बाईले, आन विचारतो, काहून लपवलं म्हणून!"

शामला भिंतीला पाठ टेकून उभी होती. दोन दिवसांत शंभर लाथा मारून जी थांबली नव्हती तिनं आता खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. तिची आई विधवा, शेताचं एकटीनं बघणारी. चार माणसांत तिला बसवणार, ज्या गोष्टीचा तिला पत्ता नाही त्यासाठी. शामलानं आनंदरावाकडे पाहिलं. आणि आनंदरावाला कळलं, की आपल्या दोन रात्री तर गेल्याच, पण आता तोंड मिटून बसलो तर ही बायको आपल्याकडे पुन्हा अशी कधी बघणार नाही.

"आई," तो मोठ्यानं म्हणाला, "थे पायाळू नाही. डोक्यानंच झाली. मले उसण बी नव्हती भरली. मी तिचे पाय चोळून राहिलो होतो. तूप लावून. पंचफुलाबाई आली म्हणून खोटं बोललो."

झालं. पडलं एकदाचं. आनंदरावानं डोळे मिटले आणि हसण्याची वाट पाहिली.

हसले ते. पण भलत्याच गोष्टीला. पहिल्या जिजाबाईच हसल्या.

"बायकोले वाचवाले काय काय बोलते पाहा! अरे, प्यालेल्या पाण्याचा गिलास उचलत नाही तू, आन म्हणे पाय चोळून राहिलो!"

"नवरा बायकोचे पाय चोळते?" ताराचंदभाऊ म्हणाले. "असं कुठं असते का बे!"

"आनंदराव, खोटं बोला, पण जरा पटण्यासारखं," बाजेवरून साहेब म्हणाले.

पंचफुलाबाईनं तर मायेनं डोक्यावरून हात फिरवला. "उन्हानं होते असं. कांदा हुंगवा कोणी यायले."

आनंदराव रडकुंडीला आला. खोटं बोलला तेव्हा एका मिनिटात विश्वास बसला, आणि आता अब्रू हातावर घेऊन खरं सांगतोय तर कांदा. तो सरळ आत गेला, काशाची वाटी आणि तुपाची बशी घेऊन आला, दाराच्या पायरीवर बसला.

"शामला, ये. बस."

"इथं? सगळ्यायपुढं?"

"तुझ्या आईसाठी."

शामला खाली मान घालून बसली. त्यानं तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. कालच्या दुपारनंतर तो पाय पहिल्यांदा त्याच्या हातात येत होता, लाल झालेला, टाचेला फोड आलेला. त्याला एकदम वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं तसा तो माणसं विसरला. तूप लावलं, फोड चुकवत बोट फिरवलं, टाच तळहातात धरली, खळग्यात अंगठा ठेवला, दाबला, सोडला. वाटी फिरू लागली. तुपाचा रंग काळा होत गेला. लोक माना लांब करून बघत होते, पण अजून कोणाच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. असं नाटक कोणीही करेल.

आणि मग शामला, शंभर लाथांनी दमलेली शामला, भिंतीला टेकली. तिचे डोळे मिटले. तिच्या तोंडातून, तिला न विचारता, आवाज निघाला.

"अंऽऽ... तिथंच, अजी..."

पुरुषांना काही कळलं नाही, पण रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हा आवाज नाटकात काढता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. काहींना ठाऊक असावं, काहींनी फक्त ऐकून ओळखलं. पंचफुलाबाईचा हात मोढ्यावरच थबकला. तिनं सावकाश मान वळवून ताराचंदभाऊंकडे पाहिलं.

"तेवीस वर्षं," ती म्हणाली.

"काय तेवीस वर्षं?"

"काही नाही. चला घरी."

"अवं पण माझी उसण परत..."

"चला म्हटलं ना!"

रांग न सांगता मोडली. प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याकडे एकदा बघत होती आणि चपला शोधत होती. जाता जाता ताराचंदभाऊ आनंदरावाच्या कानाशी वाकले. "बे, दार लावाले काय झालं होतं तुले? साऱ्या गल्लीतल्या माणसायचं जगणं हराम केलं ना!" साहेबही बाजेवरून उठले, अर्धा तास व्हायच्या आत, आणि कोणाकडे न बघता रिक्षात बसले.

जिजाबाई पायरीजवळ उभ्या होत्या. पदर तोंडाला. हसत होत्या की रडत होत्या ते दिसत नव्हतं.

"तुझ्या बापानं," त्या म्हणाल्या, "एकदा माह्या पायातला काटा काढला होता. चिमट्यानं. लांबून."

मग त्यांनी आपली पिशवी पुन्हा उचलली. "मी आज पंचफुलाकडं झोपतो. तिचा कूलर मोठा हाय." आणि मागे न बघता गेल्या. पारशिवनीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दिवेलागण झाली होती. दार लागलं. मागचंही लागलं. आनंदरावानं हात धुतले, कूलरमध्ये पाणी ओतलं, केसांना पाणी लावून भांग पाडला, आणि वळला.

शामला पायरीवरून उठून आत येऊन पडली होती, ती तशीच झोपली होती. हाक मारली, हालली नाही. खांद्याला हात लावला. झोपेतच तिनं कूस बदलली आणि त्याच्या पोटरीला एक लाथ बसली, सवयीची. आनंदराव सकाळपर्यंत कूलरचा आवाज ऐकत बसला.

सोमवारी कचेरीत त्याच्याशी एकही पुरुष बोलला नाही. चहा आला तो त्याच्या टेबलावरून पुढे गेला. अकरा वाजता साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. आत गेला तेव्हा साहेबांनी स्वतः उठून दार लावलं. एका कारकुनासाठी साहेब उठले, म्हणजे बदली गडचिरोलीच्याही पुढची, हे त्यानं ओळखलं.

"बसा," साहेब म्हणाले. टेबलावरचा कागद त्यांनी उगाच सरळ केला. "काल आमच्या घरी... म्हणजे मी सहज सांगितलं मिसेसले, पाहिलेलं. तर रात्रीपासून बोलूनच नाही राहिली." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आनंदराव, पहिले टाच घ्याची असते का बोटं?"

आनंदरावानं साहेबांकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हातात काहीतरी आलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यानं ते वापरायचं ठरवलं.

"असं तोंडी नाही सांगता येत, साहेब," तो म्हणाला. "त्याले मोकळा वेळ लागते. मले आज अन् उद्या, दोन दिवसांची रजा पायजे. मग नीट आठवून लिहून देतो. आई बी संध्याकाळपर्यंत शेजारीच आहे."

साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. कागद ओढला, अर्ज स्वतःच लिहिला, मंजूरही केला. आनंदरावाला वाटलं, उडी मारून खिडकीतून घरी जावं.

"पण लिहिलेलं मले नाही समजत," साहेब म्हणाले, आणि दुसरा कागद ओढला. "समोर बसून पाहिलं म्हणजे हात बसते. मी बी येतो. मिसेसले बी आणतो."

आणि दोन्ही अर्जांवर कारणाच्या रकान्यात त्यांनी एकाच सुंदर अक्षरात लिहिलं: प्रशिक्षण.